गोष्टीची रंगीत तालीम: चाहत्यांनी लिहिलेली समुद्रकथा गेममध्ये तपासतात तरी कशी?

शुक्रवारची रात्र आहे. गेममध्ये तुम्ही जमैकाच्या बंदरात जहाज लावलंय. गव्हर्नरचं गुप्त पत्र जवळ आहे आणि ते खानावळीत बसलेल्या एका माणसाला द्यायचंय. या टप्प्यापर्यंत यायला तुमचे वीस तास गेलेत. तुम्ही खानावळीत शिरता आणि तो माणूस तिथे नसतोच! बाहेर जाऊन परत येता, रात्र संपेपर्यंत थांबता, सगळं बंदर पालथं घालता. काही उपयोग नाही. गोष्ट तिथेच अडकली.

यात तुमचं काहीही चुकलेलं नसतं. गोष्ट लिहिणाऱ्याने एका नावात एक अक्षर चुकीचं टाइप केलेलं असतं. अशी चूक तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी कुणीतरी शोधून काढावी, म्हणून जे केलं जातं त्याला म्हणतात प्लेटेस्टिंग.

कोणता गेम, कोणती गोष्ट?

एक खरं उदाहरण घेऊ. अकेला नावाच्या रशियन कंपनीने २००० साली 'सी डॉग्ज' हा समुद्री गेम आणला. त्याचा दुसरा भाग तयार होत असतानाच डिस्नेचा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' हा चित्रपट येऊ घातला होता. मग गेमचं नावच बदललं आणि २००३ साली तो 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' म्हणून बाजारात आला. त्याच्या नायकाचं नाव नॅथॅनियल हॉक. चित्रपटाशी त्याचा संबंध तसा नावापुरताच, पण जहाज, वारा, तोफा आणि व्यापार यांचं जग मात्र झकास होतं.

या गेमचा एक गुण चाहत्यांच्या पथ्यावर पडला. गोष्टीचे नियम आणि पात्रांचे संवाद साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये होते. म्हणजे नोटपॅडमध्ये फाइल उघडा, बदला आणि गेम पुन्हा चालू करा! मूळ गेममध्ये चाहत्यांनी केलेल्या अशा बदलांना 'मॉड' म्हणतात. या गेमचा सर्वांत मोठा मॉड म्हणजे 'न्यू होरायझन्स'. मूळ गेमच्या काल्पनिक बेटांच्या जागी त्यात जमैका, बार्बाडोस, मार्टिनिक अशी खरी बेटं आली, वेगवेगळे ऐतिहासिक कालखंड आले आणि चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथा आल्या. गेम बाजारात येऊन दशक उलटलं तरी स्वयंसेवक त्यावर काम करतच होते, तेही एक रुपया न घेता. पुढे २०२१ साली या गेममागच्या 'स्टॉर्म' इंजिनचा मूळ कोडही सर्वांसाठी खुला झाला.

प्लेटेस्टिंग म्हणजे नेमकं काय?

नाटक उभं राहताना रंगीत तालीम होते ना, तसंच हे. संहिता तयार असते, संवाद पाठ असतात, तरीही प्रत्यक्ष पोशाखात, दिव्यांच्या उजेडात, दारं उघडून-लावून पाहिल्याशिवाय कळत नाही की नायिकेच्या हातात चहाचा ट्रे असताना ती दार उघडणार कशी!

फरक एकच. नाटकातला नट दिग्दर्शकाचं ऐकतो. गेममधला खेळाडू कुणाचंच ऐकत नाही. लेखक म्हणतो 'आधी गव्हर्नरला भेट', तर हा आधी गव्हर्नरचंच जहाज बुडवून येतो.

म्हणूनच लेखकाने स्वतः तपासणं पुरेसं नसतं. त्याला वाट माहीत असते, त्यामुळे तो नकळत त्याच वाटेने चालतो. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

गेमला गोष्ट 'कळते' कशी?

खरं तर कळत नाही. गेम फक्त अटी लक्षात ठेवतो. खेळाडू अमुक ठिकाणी पोहोचला का? अमुक पात्र मेलं का? अमुक दिवस उलटले का? अट पूर्ण झाली की पुढचा प्रसंग सुरू. एका कथेत अशा शेकडो अटी साखळीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. एक कडी निसटली की पुढचं सगळं बंद.

त्यात एक गंमत आहे. खेळाडूला पडद्यावर 'जमैका' दिसतं, पण आत कोडमध्ये त्याच बेटाचं नाव अजूनही मूळ गेममधलं 'रेडमंड' आहे. लेखकाने भलतीकडेच दिसणारं नाव लिहिलं की अट कधीच पूर्ण होत नाही आणि आपला माणूस खानावळीत उगवत नाही.

एक प्रसंग तपासून पाहू

सतराव्या शतकात बार्तोलोमेउ नावाचा एक पोर्तुगीज चाचा कॅरिबियनमध्ये धुमाकूळ घालत होता. त्याची हकिकत एक्स्केमेलिन याने १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पुस्तकात दिली आहे. स्पॅनिशांनी बार्तोलोमेउला पकडून कांपेचे बंदरात एका जहाजावर कैदेत ठेवलं. किनाऱ्यावर त्याच्यासाठी फाशीचा खांब उभा राहत होता. त्याला पोहता येत नव्हतं. मग त्याने दारूच्या दोन रिकाम्या मडक्यांची तोंडं बंद केली, पहारेकऱ्याला मारलं आणि मडक्यांच्या आधाराने तो किनारा गाठून जंगलात पळाला.

वाचायला चार ओळी. आता समजा हा प्रसंग तुम्ही गेममध्ये घातलात. तपासणारा काय काय करून बघेल?

- कैदेत जाताना नायकाची तलवार काढून घेतली का? नाहीतर फाशीची वाट पाहणारा कैदी कमरेला तलवार लावून फिरेल.
- या गेममध्ये तीन अधिकारी कप्तानाच्या मागोमाग किनाऱ्यावर चालतात. त्यांना थांबवायला लेखक विसरला, तर तेही कैदेत हजर होतील!
- पहारेकऱ्याशी बोलण्याआधीच त्याला मारलं तर? पुढची अट त्या संभाषणावर अवलंबून असेल तर नायक आयुष्यभर कैदेत.
- मडकं एकच उचललं तर?
- सुटल्यावर तलवार, पैसे आणि जहाज परत मिळतात का? की कुठलंच जहाज नसताना गेम 'समुद्रावर जा' म्हणतो आणि बंद पडतो?

यातला एकही प्रश्न कथा लिहिताना सुचत नाही. सगळे सुचतात ते खेळताना.

चुका किती प्रकारच्या?

ढोबळमानाने चार.

पहिली, गेम बंद पाडणारी. खेळता खेळता अचानक डेस्कटॉप समोर येतो. ही वाईट, पण लपून राहत नाही.

दुसरी, वाट अडवणारी. गेम चालू असतो, गोष्ट पुढे जात नाही. ही जास्त वाईट, कारण खेळाडूला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तो तास न् तास शोधत बसतो.

तिसरी, तोल बिघडवणारी. समजा लेखकाने जमैकाहून बार्बाडोसला जायला दहा दिवस दिलेत. त्याने स्वतः तपासताना वेगवान जहाज घेतलं आणि सहज पोहोचला. पण खेळाडूकडे पोट भरून साखर लादलेलं मालवाहू जहाज असेल तर? त्यात शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, त्याला नागमोडी जावं लागतं. खऱ्या कॅरिबियनमध्ये वारे मुख्यतः पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे बार्बाडोसला जाणं हे तिथून येण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं. न्यू होरायझन्समध्ये सोपी आणि वास्तववादी अशा दोन्ही पद्धतींनी जहाज चालवता येतं. म्हणून मुदतीचा प्रत्येक प्रसंग दोन्हींत तपासावा लागतो.

चौथी, गोष्टीतली विसंगती. पाचव्या टप्प्यात मेलेला खलाशी आठव्या टप्प्यात 'राम राम कप्तान' म्हणत समोर येतो.

इतिहासही तपासावा लागतो का?

ऐतिहासिक गेम असेल तर हो. नमुन्यादाखल काही गोष्टी बघा.

ब्रिटनचा युनियन झेंडा १६०६ सालचा, पण त्यात सेंट पॅट्रिकची लाल तिरपी फुली आली १८०१ मध्ये. म्हणजे १६९० च्या कथेत आजचा झेंडा दिसला तर चूक. जमैकाचं पोर्ट रॉयल ७ जून १६९२ रोजी भूकंपात उद्ध्वस्त झालं. १७०० सालच्या कथेत ते पूर्वीच्याच थाटात दाखवलं तर चूक. कॅरोनेड ही आखूड तोफ १७७० च्या दशकात आली, ती त्याआधीच्या जहाजावर दिसली तर चूक.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तारीख! इंग्लंडने ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं १७५२ साली, स्पेनने ते १५८२ मध्येच घेतलं होतं. त्यामुळे सतराव्या शतकात इंग्रजांची १ मार्च म्हणजे स्पॅनिशांची ११ मार्च. एका टोकाला इंग्रज आणि दुसऱ्या टोकाला स्पॅनिश असेल, तर भेटीची तारीख कुणाच्या कॅलेंडरची, हे लेखकाला ठरवावंच लागतं.

शब्दांकडेही बघावं लागतं. आपल्याला हे लगेच पटेल. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे दस्तक नसलेली जहाजं अडवत. आपल्या लेखी तो राज्याचा हक्क होता, पण इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींना सरळ 'चाचा' म्हटलंय. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव 'आयएनएस आंग्रे' आहे. तेव्हा 'चाचा' हा शब्द कथेत आला की तपासणाऱ्याने विचारावं: हे कोण म्हणतंय? इंग्रज कप्तान म्हणत असेल तर ठीक, पण खुद्द निवेदक म्हणत असेल तर लेखकाने पुन्हा विचार करावा.

सेव्ह फाइलची भानगड

चूक सापडली, लेखकाने दुरुस्त केली. मग जुन्या सेव्हवरूनच पुढे खेळायचं का? इथे बरेच जण फसतात.

संवादाचा मजकूर बदलला असेल तर बहुधा चालतं, कारण तो गेम फाइलमधून नव्याने वाचतो. पण पात्र सुरुवातीला कुठे उभं आहे, त्याच्याकडे काय आहे, ही माहिती नवा खेळ सुरू करतानाच ठरते आणि सेव्हमध्ये जाऊन बसते. ती फाइलमध्ये बदलली तरी जुन्या सेव्हला त्याचा पत्ताच नसतो. मग दुरुस्त झालेली चूक 'अजून आहे' असं वाटत राहतं आणि लेखक आणि तपासणारा दोघंही उगाच डोकं फोडतात.

यावर उपाय एकच: प्रत्येक मोठ्या टप्प्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह ठेवायचा. जुन्यावर नवा सेव्ह कधीही करायचा नाही.

चूक कळवायची कशी?

'गेम चालत नाही, काहीतरी करा' एवढंच लिहिलं तर लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा:

१. मॉडची कोणती आवृत्ती, आणि खेळाची कोणती पद्धत निवडली होती.
२. कथेतला शेवटचा टप्पा, म्हणजे कप्तानाच्या रोजनिशीतली शेवटची नोंद.
३. तुम्ही काय केलंत, त्याच क्रमाने. 'रात्री खानावळीत गेलो, आधी मालकाशी बोललो, मग खोली घेतली.'
४. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.
५. चुकीच्या लगेच आधीचा सेव्ह आणि गेमने तयार केलेली एरर लॉग फाइल.

यातला तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा. 'आधी मालकाशी बोललो' या तीन शब्दांत अख्खी चूक दडलेली असू शकते. चूक पुन्हा घडवून दाखवता आली की ती अर्धी सुटलीच म्हणा.

आणि एक पथ्य. लेखकाला फुकट मिळालेल्या वेळातून हे उभं राहिलेलं असतं. 'कथा बकवास आहे' म्हणण्याऐवजी 'तिसऱ्या बेटावर मला कंटाळा आला, कारण सलग चार निरोप पोहोचवायचे होते' असं म्हटलं तर तो काही करू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

पैसे मिळत नाहीत. नाव आलंच तर श्रेयनामावलीच्या तळाशी. शिवाय तोच प्रसंग दहा-दहा वेळा खेळून गोष्टीतलं गुपितही शिल्लक राहत नाही.

तरी तपासणारा नसला तर काय होतं? वर्षभर खपून लिहिलेली कथा लोक उतरवून घेतात, तिसऱ्या टप्प्यावर अडकतात आणि काढून टाकतात. कुणी काही कळवतही नाही. लेखकाला वाटतं कथाच कुणाला आवडली नाही आणि तो पुढची लिहीत नाही. एका चुकीच्या अक्षरापायी एक लेखक गळतो. कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेला गेम ज्यांच्या जिवावर तरतो, त्यांच्यातला एक कमी होतो.

तेव्हा पुढच्या वेळी चाहत्यांनी बनवलेला एखादा मॉड खेळताना अडकलात, तर तो काढून टाकण्याआधी पाच मिनिटं द्या. वरचे पाच मुद्दे लिहा आणि पाठवा. खानावळीत न आलेला तो माणूस तुमच्यानंतर खेळणाऱ्याला नक्की भेटेल.