चवदार तळ्याचा पाठ

संपादक-मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या समाजाचा पूर्वेतिहास' लिहून देण्याची आम्हास आज्ञा केली. मूळ पुरुष, कुलदैवते व स्थलांतरे यांविषयी अधिकारी लेखणींनी मागील अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकविण्यात ज्याचा गेला, त्यास जे सांगता येईल तेच आम्ही सांगणार आहो. ज्ञातिबांधवांनी गोड मानून घ्यावे. कोठे कडू लागल्यास आमचा नाइलाज आहे.

महाडचा सत्याग्रह आम्ही प्रारंभी दहा मिनिटांत उरकीत असू. फळ्यावर तारीख लिहावी, मुलांनी ती उतरून घ्यावी, परीक्षेत एक गुण मिळवावा. १९८५ च्या सुमारास एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव आधीच झाला होता ना? मग एवढ्या लोकांना चालत का जावे लागले?" आम्हास नीट उत्तर देता आले नाही. त्या सुट्टीत आम्ही तो विषय प्रथमच मन लावून वाचला.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर! पुढे तीन वर्षे ओंजळभर पाणी घेण्यास कोणी अस्पृश्य तेथे जाऊ धजला नाही. दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. थोड्याच वेळात ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परत निघालेल्या माणसांवर हल्ले झाले. मागाहून १०८ घागरींनी तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

स्पृश्य मंडळींनी कोर्टात सांगितले की, अस्पृश्यांना तेथे मज्जाव असणे ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. प्रकरण दहा वर्षे चालले. दि. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. वहिवाट तितकी प्राचीन असल्याचे वादींना शाबीत करता आले नव्हते. आम्हास हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. 'पूर्वापार चालत आले आहे' या शब्दांपुढे घराघरांत माना खाली जातात; तेथे 'किती पूर्वीपासून? दाखला काय?' असे विचारले गेले. इतिहासाच्या तासाला मुलास हा एवढा प्रश्न विचारावयास आला तर सनावळ्या विसरल्या तरी चालेल, असे आमचे मत झाले. (शिक्षणखात्याचे मत निराळे असू शकेल.)

सुट्टीनंतर हे सर्व आम्ही वर्गात सांगितले. सांगता सांगता आमची दृष्टी ओसरीवरच्या रांजणाकडे गेली. 'पाणी सर्वांसाठी' अशी पाटी आम्हीच सुवाच्य अक्षरांत लिहून तेथे टांगली होती. परंतु एका वस्तीवरची दोन मुले ओगराळ्याला हात न लावता ओंजळ धरून उभी राहत आणि दुसऱ्याने वरून पाणी ओतले म्हणजे पीत. त्यांना तसे कोणी सांगितले होते? कोणीच नाही. आम्ही ते रोज पाहत होतो. पाटी लावली, काम झाले, अशा समजुतीत होतो. महाडच्या ठरावाहून आमची पाटी काय वेगळी होती? दुसऱ्या दिवशी त्या दोघांपैकी एकाच्या हाती आम्ही ओगराळे दिले व त्याने घातलेले पाणी प्रथम आम्ही प्यालो. आठवड्याभरात तीन पालक शाळेत आले. त्यांतील दोघे आपल्याच समाजाचे होते.

त्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पोरांना वाडवडिलांची उणी शिकवून काय साधणार?" त्यांस आम्ही सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही नावे सांगितली. हे तिघेही स्पृश्य जातींत जन्मलेले, आणि तिघेही महाडास बाबासाहेबांच्या बाजूस उभे राहिले. ज्यांनी लाठ्या उचलल्या तेही आपल्यासारख्याच घरांतले, आणि हे तिघेही. मुलाने कोणास आपला पूर्वज मानावे हे ठरविण्यास दोन्ही बाजू त्यास कळावयास नकोत काय? ते गृहस्थ निरुत्तर झाले असे नाही; चहा न घेता गेले. नातवास मात्र त्यांनी शाळेतून काढले नाही.

राहता राहिला आपल्या समाजाचा पूर्वेतिहास. १९२७ साली आपली माणसे काय करीत होती? आपल्या गावांतील विहिरी कोणास व केव्हा खुल्या झाल्या, त्या वेळी आपल्या पंचांनी काय ठरविले, हे आजवरच्या कोणत्याही अंकात आमच्या वाचनात आले नाही. ज्यांच्या माळ्यावर जुनी पत्रे, पंचांची बाडे वा विहिरीसंबंधी कागद असतील, त्यांनी ते कृपा करून मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावेत. मजकूर आपल्याला प्रतिकूल असला तरी फाडू नये. नकला उतरून घेऊन मूळ कागद आम्ही जातीने परत करू.