दरबारातून मांडवात

गेल्या भाद्रपदातील एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, आपल्या मंडळातील चार कुटुंबे म्हैसूरच्या वाणीविलास मोहल्ल्यातील आठव्या क्रॉसवर जाऊन पोहोचली. बरोबर दोन सतरंज्या, दशम्या आणि बटाट्याच्या भाजीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, एक मोठी छत्री आणि मुलांसाठी शाली असा सरंजाम होता. आम्ही एकूण तेरा माणसे. त्यांत सर्वांत वडील ऐंशी वर्षांच्या आजी, सर्वांत धाकटे अपत्य तीन वर्षांचे. गणेशोत्सवानिमित्त त्या रस्त्यावर होणाऱ्या संगीताच्या बैठकी ऐकण्यासाठी शनिवार आणि रविवार असे दोन्ही दिवस आम्ही राखून ठेवले होते. गावातल्या गावात काढलेली ही सहल. परंतु तिने आम्हांस शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास घडविला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी म्हैसूरच्या इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. त्या दोन संध्याकाळी आम्ही जे ऐकले आणि त्यामागचा जो इतिहास आम्हांस ठाऊक होता, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आठव्या क्रॉसवरील हा उत्सव १९६० च्या दशकाच्या आरंभापासून चालत आलेला आहे. त्याची रचना अगदी साधी. वस्तीतला रस्ता वाहनांना बंद होतो, त्यावर मांडव पडतो, एका टोकाला गणपती बसतो आणि त्याच्यासमोर संध्याकाळी गाणे होते. गाणारे-वाजविणारे मात्र दक्षिणेतील नामवंत असतात. तिकीट नाही. घरांच्या पायऱ्यांवर, कुंपणाच्या भिंतींवर, गच्च्यांवरही माणसे बसलेली. शेजारच्या घरातील एका गृहिणीने आमच्या आजींना बघितले आणि न विचारताच वेताची खुर्ची आणून दिली. भाषेची अडचण दोघींनाही होती. खुर्चीला ती पडली नाही.

म्हैसूर आणि संगीत ही दोन नावे जोडीने घेतली जातात, तेव्हा सामान्यतः डोळ्यांसमोर येतो तो राजवाडा. ते स्वाभाविकही आहे. राजा वडेयर यांनी १६१० साली श्रीरंगपट्टण येथे दसऱ्याचा उत्सव थाटाने सुरू केला. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर राजधानी म्हैसूरला आली आणि तिच्यामागून दसराही आला. १८९७ साली राजघराण्यातील विवाहाच्या वेळी जुना लाकडी वाडा आगीत भस्मसात झाला. त्या जागी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने उभारलेला आजचा राजवाडा १९१२ साली पुरा झाला. चौथे कृष्णराज वडेयर यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९४० पर्यंत, या वाड्यात वीणा शेषण्णा, म्हैसूर वासुदेवाचार्य, बिडारम कृष्णप्पा यांच्यासारखे कलावंत होते. कर्नाटक वाद्यवृंदाच्या जोडीला युरोपीय धाटणीचा बँडही होता आणि ऑटो श्मिट हा जर्मन संगीतकार त्याचे संचालन करी. पुढे जयचामराज वडेयर तर स्वतःच रचनाकार झाले. त्यांच्या ९४ कृती प्रसिद्ध आहेत. आणि लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्षपद १९४८ साली त्यांच्याकडे आले होते.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची गोष्ट निराळी आहे. या दरबारची वाट उत्तरेकडील गवयांच्याही पायांखालची होती. आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूर दरबारी होते. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले. आणि भास्करबुवांचे शिष्य बालगंधर्व व मास्टर कृष्णराव. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांना चाली दिल्या त्या भास्करबुवांनी. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांनाही म्हैसूरचे बोलावणे येई. त्या जाण्यायेण्यात धारवाड-हुबळीकडे मुक्काम पडत, आणि तेथेच कुंदगोळचा एक मुलगा त्यांचा शिष्य झाला. तोच रामभाऊ कुंदगोळकर पुढे सवाई गंधर्व म्हणून महाराष्ट्रास ललामभूत झाला. खाँसाहेबांचे बिऱ्हाड मिरजेस होते. तरीही दक्षिणेचे संगीत त्यांनी इतक्या आस्थेने अभ्यासिले की त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायिली. आग्र्याच्या फैय्याजखाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी म्हैसूरच्या महाराजांनीच दिली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्या आद्य कलावतींपैकी गौहरजान यांना १९२८ साली येथे आश्रय मिळाला आणि १७ जानेवारी १९३० रोजी येथेच त्यांचा अंत झाला.

ही नामावळी कोणत्याही म्हैसूरकराची छाती फुगावी अशीच आहे. परंतु त्या शनिवारी रस्त्यावर सतरंजी टाकून बसलो असता आमच्या मनात एक प्रश्न आला: हे सारे गाणे त्या काळी ऐकले कोणी? दरबारात बसण्याचा मान मोजक्यांचा होता. ज्याला निमंत्रण नाही, त्याच्या वाट्याला मिरवणूक येई, रोषणाई येई, फार तर बँड येई. मैफल येत नसे. राजाश्रयाने गवई जगविले, याबद्दल आपण त्या राजांचे ऋणी आहोतच. पण श्रोता जगविण्याचे काम दुसऱ्याच कोणी तरी केले.

त्याचा पहिला टप्पा आम्ही रविवारी सकाळी मुलांना दाखवून आणला. दरबारी गायक बिडारम कृष्णप्पा यांनी म्हैसूर शहरात प्रसन्न सीताराम मंदिर उभारले आणि तेथे गाण्याच्या बैठकी होऊ लागल्या. राजवाड्यात गाणारा माणूस आपल्या कमाईतून देऊळ बांधतो आणि गाणे देवासमोर, म्हणजेच चारचौघांसमोर आणून ठेवतो, ही लहानसहान घटना नव्हे. त्यांचेच शिष्य टी. चौडय्या. ध्वनिक्षेपक सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच्या त्या दिवसांत मोठ्या समुदायात मागे बसलेल्यांस व्हायोलिन ऐकू जात नसे. म्हणून चौडय्यांनी जादा तारा चढवून सात तारांचे व्हायोलिन सिद्ध केले. श्रोत्यांची संख्या वाढली, तेव्हा वाद्यालाच आपले रूप बदलावे लागले, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

दुसरा टप्पा मांडवाचा. आणि येथे आपल्या प्रांताचे नाव आदराने घ्यावे लागते. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर चढला. त्यापूर्वी घराच्या देव्हाऱ्यात दीड दिवस राहणारा गणपती रस्त्यावर आला आणि त्याच्या पाठोपाठ व्याख्याने, कीर्तने आणि मेळे आले. मेळ्यातून गाणारी मुले पुढे रंगभूमीवर गेली. सण हे निमित्त, मांडव ही जागा आणि वर्गणी हा आधार, ही त्रिसूत्री दक्षिणेतही रुजली. बंगळूरच्या चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीने १९३९ पासून रामनवमीच्या निमित्ताने मांडवातील संगीतोत्सव सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. म्हैसूरमध्ये गल्लोगल्ली गणपतीपुढे गाणे होऊ लागले. १९७१ साली तनखे बंद झाले आणि दसराही सरकारी उत्सव झाला. तेव्हा राजवाड्यासमोरच्या खुल्या पटांगणात, सुमारे एक लाख दिव्यांच्या उजेडात, साऱ्या गावाला बसून गाणे ऐकता येऊ लागले. राजवाड्याचे दार उघडण्यापूर्वीच रस्त्यावरच्या मांडवाने श्रोता तयार करून ठेवला होता. पुण्यातही तेच घडत होते. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या महोत्सवात कुटुंबेच्या कुटुंबे डबे आणि पांघरुणे घेऊन मांडवात रात्री जागवीत असत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यावर त्या रात्री आखूड झाल्या. आठव्या क्रॉसवरही आता दहाच्या आत मंगलम् होते. लहान मुलांच्या आयांना ही गोष्ट अगदीच वाईट वाटत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता त्या शनिवारच्या मैफलीविषयी. गायिकेने आरंभीच हंसध्वनी घेतला. आमच्यापैकी एकदोघांनी लगेच एकमेकांकडे पाहिले, कारण हा राग आपल्या कानांवरचा. रामस्वामी दीक्षितर यांनी अठराव्या शतकात निर्मिलेला हा दाक्षिणात्य राग. तो हिंदुस्थानी पद्धतीत आणण्याचे श्रेय मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यातील अमानअलीखाँ यांना दिले जाते. मुथुस्वामी दीक्षितरांनी याच रागात ज्या वातापि-गणपतीला आळविले, ती वातापि म्हणजे आजची बदामी. बदामीच्या चालुक्य पुलकेशीची प्रशस्ती सांगणाऱ्या ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतील ९९,००० गावांचा उल्लेख आहे. सीमा मागाहून आखल्या गेल्या. सूर त्याआधीपासून ये-जा करीत होते.

मुलांचे लक्ष मात्र गाण्यापेक्षा शेजारच्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीकडे लागले होते. ती मांडीवर थाप, मग करंगळीपासून बोटे मोजणे, मग पालथा-उलथा हात, असा आदितालाचा हिशेब अचूक ठेवीत होती. आमच्या मुलांनी तिची नक्कल सुरू केली. तिनेही गुरुजींच्या थाटात चुका दुरुस्त केल्या. मृदंग आणि घटम् यांची जुगलबंदी रंगली, तेव्हा आमचा पाच वर्षांचा चिरंजीव समेवर बरोबर थाप देऊन एवढा हसला की पुढच्या रांगेतील वृद्ध गृहस्थांनी मागे वळून मान डोलावली. तीन वर्षांचे अपत्य तोवर शालीत गाढ झोपले होते. झोपेतही कानांवर काही पडतेच, असे आजींचे म्हणणे.

या आजींविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. त्या साताऱ्याकडच्या. यजमान गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे म्हैसूरला आल्या. घरात सुखाला उणे नाही. पण दाराबाहेरचा शब्द कळत नाही, म्हणून त्या बाहेर पडेनाशा झाल्या. “मी इथे पाहुणीच,” असे म्हणत. त्यांना या बैठकीला आणावयाचे तर मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. रविवारी रात्री मैफलीच्या अखेरीस गायकाने पुरंदरदासांचे एक पद घेतले. कन्नड शब्द आजींच्या कानांवरून वाहत होते. शेवटच्या चरणात पुरंदरविठ्ठल ही मुद्रा आली आणि आजी खुर्चीत ताठ झाल्या. त्यांनी हात जोडले. गायकाने ते नाव पुन्हा पुन्हा आळविले, तसे त्यांचे ओठ हलू लागले.

पुरंदरदासांचा जन्म पुरंदरगडाच्या परिसरात झाला की मलनाडात, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या पदांतील विठ्ठलाविषयी मतभेद नाहीत. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून दक्षिणेत ज्यांना वंदन करतात, ज्यांनी घालून दिलेल्या सरळी वरिसैने प्रत्येक मूल आजही शिकू लागते, त्यांची मुद्रा पंढरीच्या देवाची आहे. ते पहिले पाठ मायामाळवगौळ रागात असतात आणि त्याचे स्वर आपल्या भैरवाचेच. इकडे ज्ञानेश्वरांनी त्याच विठ्ठलाला कानडा म्हटले. परत येताना आजी एवढेच म्हणाल्या, “पाहुणे आपण नव्हे, तोच दोन्ही घरचा.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वेताच्या खुर्चीच्या त्या गृहिणीकडे नातवाच्या हाती दशम्या धाडल्या.

वाचकहो, येथे आपल्याच मंडळाविषयी थोडे कडू बोलणे भाग आहे. आपण दरवर्षी गाण्याचा कार्यक्रम करतो. भाड्याचे सभागृह घेतो, दारे लावून घेतो, ‘लहान मुलांना आणू नये’ अशी तळटीप निमंत्रणपत्रिकेवर छापतो. आणि मग मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून नव्या पिढीला गाण्याची गोडी राहिली नाही, असा खेद व्यक्त करतो. ज्या प्रांताने गणपती देव्हाऱ्यातून रस्त्यावर आणला, त्या प्रांताच्या माणसांनी परमुलखात येऊन आपला छोटासा दरबार भरवावा, हे आम्हांस शोभत नाही. ती तळटीप आम्हीही वर्षानुवर्षे मुकाट्याने मान्य केली, म्हणून हा दोष सर्वांचा आहे.

तेव्हा सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आमची एकच सूचना आहे. एक संध्याकाळ दारे उघडून साजरी करू. एखाद्या सभासदाच्या घरापुढील अंगण किंवा बागेतील मोकळी जागा पुरे. गवई आपला असो की येथला. अभंगापाठोपाठ दासांचे पद होऊ द्या. शेजारच्या कन्नड कुटुंबांना घरोघरी जाऊन बोलावू. मुलांना अवश्य आणू. ती रडली तर रडोत, झोपली तर झोपोत. आणि पहिल्या रांगेत एक वेताची खुर्ची रिकामी ठेवू. एखाद्या घरच्या आजी अजून बाहेर पडलेल्या नसतील, ती त्यांच्यासाठी.