डेम्लो संख्या
डेम्लो संख्या : केवळ १ हा अंक पुनःपुन्हा लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असता मिळणाऱ्या १२१, १२३२१, १२३४३२१ यांसारख्या संख्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी त्यांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. यांतील सर्वांत मोठी सममित संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही असून ती १११११११११ चा वर्ग आहे. हिच्यात १७ अंक आहेत. लीलावतीतील (११५०) स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘परार्धा’च्या अलीकडील ‘मध्य’ या स्थानी येतो. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा ९ चा वर्ग, होते. तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ हे असून ती ३<sup>४</sup> × ३७<sup>२</sup> × ३३३६६७<sup>२</sup> अशी मांडता येते.

अशा संख्यांचे आकर्षण जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष (कार. ८१४–८७८) याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांच्या गणितसारसंग्रह (सु. ८५०) या ग्रंथात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा गुणाकार आढळतो. उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा गुणाकारांना तेथे हाराची उपमा दिली आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे सोलापूर जिल्ह्यालगतच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड होय. हा ग्रंथ रंगाचार्य यांच्या इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाला.

कापरेकर (१९०५–८६) यांचा जन्म डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे ते देवळाली येथे १९६२ पर्यंत शालेय शिक्षक होते. या संख्यांचा विचार त्यांना रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचला, त्या डेम्लो (डोंबिवली) वरून हे नाव पडले. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये द मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात आला. त्यांचे संशोधन अनेकांना क्षुल्लक करमणूक वाटे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मध्ये लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर झाले.

हे गुणधर्म संख्येचे नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत, हा या विषयावरील मुख्य आक्षेप होय. तो अंशतः खरा आहे. नऊ एकांपर्यंत गुणाकारात कोठेही हातचा येत नाही, म्हणून सममिती टिकते. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो व सममिती मोडते. मात्र अष्टमान पद्धतीतही सात एकांचा वर्ग त्या पद्धतीत १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. म्हणजे सममितीची मर्यादा पायावर ठरते, परंतु तिच्यामागील नियम कोणत्याही पायाच्या स्थानमूल्य पद्धतीला लागू पडतो. वरवर करमणूक वाटणाऱ्या या संख्या स्थानमूल्याचे स्वरूपच उघड करतात, हे त्यांचे महत्त्व होय.