आत्मसंरक्षणासाठी छोटे शस्त्र : परवाना, निवड आणि जबाबदारी

आत्मसंरक्षणासाठी अंगावर बाळगता येईल असे छोटे शस्त्र घेण्याचा विचार करणारा माणूस बहुधा शस्त्राच्या नावापासून सुरुवात करतो. भारतात मात्र निवडीचे वर्तुळ आधी कायदा आखतो, नंतर बाजार, आणि सर्वांत शेवटी ग्राहकाची आवड. या वर्तुळात उरणारी शस्त्रे मोजकीच आहेत. त्यांपैकी कोणते आपल्या हाताला पेलेल, कोणत्याचा सराव नियमित करता येईल आणि कोणते घरात सुरक्षित ठेवता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड जवळजवळ पूर्ण होते. सर्वांत लहान व सर्वांत हलके शस्त्र हेच सर्वांत सोयीचे, हा समज या तिन्ही कसोट्यांवर अनेकदा खोटा ठरतो.

परवान्याची चौकट

देशातील शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार होते. परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, तर मुंबई, हैदराबाद यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्तांना आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास शिक्षा भोगून झाल्यावर पाच वर्षे परवाना मिळू शकत नाही. अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पोलीस ठाण्याचा अहवाल आल्यानंतरच अर्जावर निर्णय होतो.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. गोव्यात व सीमाभागात अनेक शेतकरी कुटुंबांकडे पिकांच्या रक्षणासाठी बंदुकीचे परवाने आहेत. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षण व खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक मागणाऱ्यास, अन्य आडकाठी नसेल तर परवाना द्यावा, असे अधिनियमाचे कलम १३ सांगते. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी अर्जदाराकडे सबळ कारण असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणूनच 'हल्ली दिवस बरे नाहीत' एवढे लिहिलेला अर्ज टिकत नाही. आलेल्या धमक्यांच्या तक्रारींच्या प्रती, रोकड किंवा दागिन्यांची नियमित ने-आण, एकाकी वस्ती, पूर्वी झालेला हल्ला अशी कागदांनी सिद्ध होणारी कारणे अर्जाला वजन देतात. केवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवावी लागतात आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते.

डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. ज्या घरात वाडवडिलांची बंदूक आधीच परवान्यावर आहे, तेथे नवे शस्त्र घेण्यापूर्वी हा हिशेब मांडावा लागतो.

बोअरचे गणित

नागरिकाला कोणत्या व्यासाचे शस्त्र मिळेल, हेही नियमांनीच ठरते. सैन्य व पोलीस दले वापरतात ती ९ मिलिमीटर व ०.३८ ही काडतुसे प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य परवान्यावर मिळणाऱ्या छोट्या शस्त्रांत ०.३२ बोअर हा सर्वांत रुळलेला आहे. त्याहून लहान ०.२२ बोअरही उपलब्ध आहे. त्याचा धक्का अगदी सौम्य असला तरी आघाताची शक्तीही तितकीच कमी असते.

०.३२ या एकाच आकड्याखाली दोन वेगळी काडतुसे येतात. रिव्हॉल्व्हरसाठी '०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग' आणि पिस्तुलासाठी '०.३२ एसीपी', ज्याला ७.६५ मिलिमीटर असेही म्हणतात. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील आहेत. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या घरात बसते, पण त्याचा दाब अधिक असतो, म्हणून ते तेथे वापरणे धोक्याचे आहे. काडतुसे घेताना डब्यावरील पूर्ण नाव वाचण्याची सवय त्यासाठीच लावून घ्यावी. या दोन्ही काडतुसांची ऊर्जा ९ मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. कमी शक्तीच्या गोळीची भिस्त नेमावर असते आणि नेम सरावाने येतो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रिव्हॉल्व्हरची रचना सोपी असते. फिरत्या चक्रात सहा काडतुसे बसतात. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच दिसते. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. मनगटात फारसा जोर नसलेल्या किंवा सरावाला कमी वेळ देऊ शकणाऱ्या व्यक्तीला म्हणून रिव्हॉल्व्हर सुचविले जाते. त्याची अडचण अशी, की घोडा आधी न चढवता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो आणि त्या जोरात नेम हलतो. शिवाय चक्राचा फुगवटा कपड्यांखाली उठून दिसतो.

पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली सहज लपते, काडतुसे मॅगझिनमध्ये भरली जातात आणि ती बदलणेही जलद होते. परंतु पहिली गोळी नळीत आणण्यासाठी स्लाइड मागे खेचावी लागते. तिला बोटांची ताकद लागते. सैल मनगटाने झाडल्यास किंवा मॅगझिन मळलेले असल्यास काडतूस अडकू शकते आणि अडकलेले काडतूस घाबरलेल्या अवस्थेत मोकळे करणे केवळ सरावलेल्या हातालाच जमते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज तर जीवघेणा आहे. नळीत एक गोळी उरलेली असू शकते. घराघरांत घडणाऱ्या अपघातांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

बाजारात काय मिळते

परदेशी छोट्या शस्त्रांची नागरिकांसाठीची सर्वसाधारण आयात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. जुनी परदेशी शस्त्रे परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होतात, पण त्यांच्या किमती प्रचंड असतात आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त. त्यामुळे बहुतेकांची निवड देशी शस्त्रांतूनच होते.

आयुधनिर्माणीचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अनेक वर्षे परवानाधारकांच्या परिचयाचे आहे. वेब्ली धाटणीचे, वरून मोडून उघडणारे हे शस्त्र तीन इंची नळीचे व सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे असते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर महिलांना समोर ठेवून बाजारात आले. त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरणे सुटसुटीत होते. पिस्तूल हवे असणाऱ्यांसाठी याच बोअरचे 'अशनी' आहे.

वजनातील फरक कागदावर किरकोळ वाटतो. तेच काडतूस ५०० ग्रॅमच्या शस्त्रातून झाडले तर हाताला बसणारा धक्का ७०० ग्रॅमच्या शस्त्रापेक्षा अधिक जाणवतो. हलके शस्त्र दिवसभर बाळगायला बरे, पण ते झाडताना हात दचकू लागला की माणूस सराव टाळू लागतो. जाहिरातीतील पन्नास मीटर पल्ल्यावरूनही निवड करू नये. आत्मसंरक्षणाचा प्रसंग बहुधा काही पावलांच्या अंतरावर येतो. शक्य असल्यास रायफल क्लबमध्ये किंवा प्रशिक्षण केंद्रात दोन्ही प्रकारची शस्त्रे झाडून पाहावीत. मूठ तळव्यात पूर्ण बसते का, तर्जनीचे पेर चापावर सहज पोहोचते का, दहावी गोळीही पहिलीइतक्याच निर्धास्तपणे सुटते का, हे पाहून मग पैसे मोजावेत.

झाकून बाळगणे हा नियमच

शस्त्र दिसत राहिले म्हणजे धाक बसतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. शस्त्र नियम २०१६ याच्या उलट सांगतात. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर त्यासाठी बनविलेल्या म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, अंगाला जोडून, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात राहील अशा रीतीनेच बाळगता येते. ते उगारणे किंवा मिरविणे निषिद्ध आहे. लग्न, मिरवणूक, जत्रा अशा गर्दीच्या ठिकाणी नेल्यास परवाना रद्द होऊन शस्त्र जप्त होऊ शकते. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणूनच होल्स्टरची निवड शस्त्राइतकीच महत्त्वाची ठरते. ते चापाचा भाग पूर्ण झाकणारे, त्याच मॉडेलच्या मापाचे आणि धावताना शस्त्र निसटणार नाही इतके घट्ट असावे. पँटच्या खिशात किंवा पर्समध्ये चाव्या-नाण्यांसोबत शस्त्र ठेवणे म्हणजे चापाला कशाचा तरी धक्का लागण्याची वाट पाहणे होय.

परवान्यावर शस्त्र बाळगण्याचे क्षेत्रही नमूद असते. एका राज्यापुरता परवाना असलेल्या माणसाने पणजीहून बेळगावला किंवा ग्वाल्हेरहून मुंबईला शस्त्र नेले, तर कारण कितीही प्रामाणिक असले तरी तो परवान्याच्या अटीचा भंग ठरतो. कामानिमित्त नियमित राज्याबाहेर जाणाऱ्यांनी क्षेत्रवाढीचा अर्ज आधीच करावा. निवडणुकीच्या काळात जिल्हास्तरीय छाननी समितीने सांगितल्यास शस्त्र जमा करावे लागते.

घरातील शस्त्र

कोकण-गोव्याच्या दमट हवेत पोलाद लवकर गंजते. अंगावरच्या घामाने तर ते अधिकच लवकर. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून रात्री शस्त्र होल्स्टरमधून काढून, कोरडे पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवावे. पावसाळ्यात ही तपासणी आठवड्याला व्हावी. जुनी, ओल लागलेली काडतुसे सरावात संपवून टाकावीत.

शस्त्र कुलुपात ठेवावे आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे असावी. उशीखाली किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवलेले शस्त्र चोराआधी घरातल्या मुलाच्या हाती लागते. घरात कोणी तीव्र नैराश्यातून जात असेल, दारूचे व्यसन असेल किंवा भांडणे हातघाईवर येत असतील, तर त्या काळात शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास पोलिसांना तत्काळ कळविणे बंधनकारक आहे.

चाप ओढण्याआधीचा कायदा

परवाना हा बाळगण्याचा असतो. झाडण्याची मुभा तो देत नाही. खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तेथे हा हक्क मिळत नाही आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, असे कलम ३७ बजावते. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार किंवा अपहरणाच्या हेतूने झालेला हल्ला, ॲसिडहल्ला अशा कलम ३८ मधील प्रसंगांत हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत हा हक्क पोहोचतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी, जमिनीच्या बांधावरून झालेल्या वादात किंवा रस्त्यावरील बाचाबाचीत उगारलेले पिस्तूल या संरक्षणात बसत नाही. अशा वेळी परवानाधारकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वीचा अखेरचा हिशेब शस्त्राच्या किमतीचा नसतो. भक्कम दार, उजेडाचे अंगण, सीसीटीव्ही कॅमेरा, वेळीच केलेली पोलीस तक्रार आणि ११२ क्रमांक यांनी भागत असेल, तर शस्त्राची गरज उरत नाही. हे सारे करूनही धोका उरत असेल, तर ०.३२ बोअरचे, हाताला पुरेसे जड, ज्याचा सराव न कंटाळता करता येईल असे साधे शस्त्र घ्यावे आणि त्याच्यासोबत कुलूप, होल्स्टर व सरावाची काडतुसे यांचा खर्चही त्याच दिवशी मोजावा.