राज्य कोणावर? एकाविरुद्ध अनेकांच्या खेळांचा इतिहास

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने घाबरवणाऱ्या व्हिडिओ गेमवर काय बोलायचं? पण खेळ म्हटला की नियम आले, आणि नियम आले की न्याय-अन्यायाचा प्रश्न आला. तो आमच्या प्रांतातला आहे.

आधी तो गेम नीट समजून घेऊ. कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या बिहेव्हियर इंटरॅक्टिव्ह कंपनीने केलेला 'डेड बाय डेलाइट' १४ जून २०१६ रोजी बाजारात आला. पाच जण आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकत्र खेळतात. एक मारेकरी, बाकीचे चार जीव वाचवणारे. अंधाऱ्या आवारात सात जनरेटर बंद पडलेले असतात. त्यांतले पाच दुरुस्त झाले की फाटकांना वीज मिळते. मग फाटक उघडून पळायचं. मारेकरी ज्याला पकडतो त्याला आकड्याला टांगतो. टांगलेल्याला सोबती सोडवू शकतो, पण त्यासाठी स्वतःची लपलेली जागा सोडून उघड्यावर यावं लागतं.

एक बारकावा फार मोलाचा आहे. मारेकऱ्याला फक्त त्याच्या डोळ्यांसमोरचं दिसतं. चौघांना मात्र स्वतःची आकृती पाठीमागून दिसते, त्यामुळे आजूबाजूचंही दिसतं. म्हणजे ताकद एकाला, नजर चौघांना. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांवर ग्रंथ लिहिला. स्पर्धेच्या खेळात दोन्ही बाजूंना सारखीच संधी मुद्दाम निर्माण केलेली असते, असं त्याचं म्हणणं. बुद्धिबळात दोघांकडे सोळा-सोळा मोहरे असतात, तसं. इथे एकही गोष्ट सारखी नाही, तरी डाव रंगतो. समता न ठेवता तोल साधायचा, हे या जातीच्या खेळांचं खरं कौशल्य.

आणि ही जात नवी मुळीच नाही. वाघ-बकरीचा पट आठवा. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो; बकरीला कुणालाच मारता येत नाही. तिने एवढंच करायचं, सगळ्या बकऱ्यांनी मिळून वाघाला हलायला जागा ठेवायची नाही. नेपाळात हाच खेळ चार वाघ आणि वीस बकऱ्यांनी खेळतात, तमिळ मुलखात तीन वाघांनी. दगडात कोरलेले जुने पट आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांच्या परिसरातही आहेत. आपल्या कांदिवलीला तर वाघ-बकरी समजावून सांगायची गरज नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागून, आणि बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच. तिथल्या पाड्यांवरचे वारली त्या बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वाघोबा म्हणून पूजतात.

पण पटावर एक गोष्ट नसते : भीती. ती यायला अंग लागतं, अंधार लागतो. त्यासाठी आपल्याकडे डबा ऐसपैस होता.

'ऐसपैस' हा बहुधा इंग्रजी 'आय स्पाय'चा अपभ्रंश, पण पोरांनी त्यात मराठी प्रशस्तपणा आणला! रिंगणात पत्र्याचा डबा. कुणीतरी तो लांब फेकायचा. ज्याच्यावर राज्य तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीचे पसार. मग त्याने एकेकाला हुडकून, नाव घेऊन डबा वाजवायचा. पण उरलेल्यांपैकी एकाने जरी धावत येऊन डबा उडवला तरी पकडलेले सगळे सुटतात. आकड्यावरून सोबत्याला सोडवणं आणि हे, नियम म्हणून एकच आहे. शर्ट अदलाबदल करून फसवायचं, चुकीचं नाव घेतलं गेलं की 'अंडं फुटलं' म्हणून ओरडायचं. सगळ्यांत लहान तो लिंबूटिंबू, त्याच्यावर राज्य येत नाही. माँट्रियलच्या लोकांनी पुष्कळ विचार केला, पण लिंबूटिंबू काही त्यांना सुचला नाही.

आता या 'राज्य' शब्दापाशी थांबू. जो एकटा सगळ्यांच्या मागे धावतो त्याच्यावर मराठीत राज्य 'येतं'. आजार यावा, संकट यावं, तसं येतं. सगळे सुटण्यासाठी धडपडतात, आणि जो सुटत नाही तो राजा! राज्यकर्ता म्हणजे एकटा पडलेला, सगळ्यांनी मिळून फसवलेला माणूस. राज्यशास्त्राच्या वर्गात हे कुणी सांगत नाही, पण चौथीतल्या मुलाला ते ठाऊक असतं, कारण काल संध्याकाळी त्याच्यावरच राज्य होतं.

इथेच आम्हाला नव्या खेळात फरक दिसतो. डब्याच्या खेळात राज्य फिरतं. पकडणारा आणि पकडला जाणारा वेगळे लोक नसतात, पुढच्या डावात ते बदलतात. 'डेड बाय डेलाइट'मध्ये डाव सुरू होण्याआधीच बाजू निवडता येते. कुणी वर्षभर मारेकरीच राहू शकतो, कुणी कधीच होणार नाही. रक्तपाताबद्दल पालक तक्रार करतात. आमच्या मते काळजीचं कारण ते नाही, हे आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. गेममध्ये डाव चालू असताना बोलायची सोय दिलेली नाही. चौघांना खुणांवर भागवावं लागतं. तरी अनोळखी माणूस अनोळखी माणसाला सोडवायला उघड्यावर येतो, न येणाऱ्यालाही कुणी जाब विचारत नाही. हे आम्हाला डब्याच्या खेळापेक्षा कठीण वाटतं, कारण डबा उडवला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच मित्रांना तोंड दाखवायचं असतं.

मग मुलं बाहेर का खेळत नाहीत? चारकोपकडे बघा. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून राबवलेल्या योजनेत म्हाडाने तिथे छोटे भूखंड दिले. तीस-पस्तीस भूखंडांची एक सोसायटी, मध्ये सामाईक चौक, बांधकाम ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे करायचं. डबा ऐसपैससाठी आखल्यासारखीच रचना : मध्ये रिंगण, भोवती कोपरे आणि जिने. आज घरांवर मजले चढलेत आणि चौकात गाड्या उभ्या आहेत. लपायला गाड्या उत्तम, पण डबा उडवायचा कुठे? काचेवर लागला तर?

शेवटी मालकीचा मुद्दा. याच जातीचा 'फ्रायडे द थर्टीन्थ' २०१७ साली आला, एकाविरुद्ध सात. मूळ चित्रपटाच्या हक्कांवरून पटकथालेखक आणि निर्माते कोर्टात गेले, २०१८ मध्ये गेममध्ये नवी भर घालणं थांबलं, आणि ३१ डिसेंबर २०२३ ला विक्रीही संपली. डबा ऐसपैसला मालक नाही, त्यामुळे नियमांना गल्लीगणिक पाठभेद आहेत. मागून धप्पा दिला तर सगळे सुटतात, की फक्त राज्य पुन्हा त्याच्यावरच येतं? समोर चारकोपची बरीच मंडळी बसली आहेत. तुमच्या सेक्टरमध्ये काय चालायचं, ते प्रश्नोत्तरांत आधी सांगा, मग आम्हाला प्रश्न विचारा.