आकाशातल्या कसरतीला गुण कसे देतात? मॉडेल विमानांच्या स्पर्धानियमांचा इतिहास

१/ १९३० साली आगाखान यांच्या बक्षिसासाठी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने विमान चालवून पार करण्याची चुरस लागली. मनमोहन सिंग आधी पोहोचले. पण नेमून दिलेली मुदत ओलांडल्यामुळे ते अपात्र ठरले. बक्षीस अस्पी इंजिनिअर यांना मिळाले आणि जे. आर. डी. टाटा थोडक्यात मागे राहिले. विजेता केवळ विमानाने ठरला नाही, नियमानेही ठरला.

२/ तिथे निदान घड्याळ होते. हवाई कसरतींच्या स्पर्धेत ना घड्याळ असते, ना अंतिम रेषा. रेडिओवर चालणारे मॉडेल विमान आकाशात एक वर्तुळ काढते आणि ते क्षणात विरून जाते. जे मागे उरतच नाही, त्याला न्याय्य गुण कसे द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात सहा दशकांहून अधिक काळ गेला आहे.

३/ हवाई खेळांचे नियम ठरवणारी फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल, म्हणजेच एफएआय, १९०५ साली स्थापन झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तोही याच संस्थेच्या छत्राखालील एरो क्लबकडून. रेडिओ-नियंत्रित कसरतींच्या गटाला या संस्थेने ‘एफ-३-ए’ असे नाव दिले.

४/ या गटाची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली. विजेते होते अमेरिकेचे एड काझमिरस्की. त्या काळच्या रेडिओत सुकाणू एक तर पूर्ण वळे, नाही तर मुळीच वळत नसे. बटणाला हलके ठोके देत वर्तुळ साधावे लागे. पुढे दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलेल, असे रेडिओ आले. १९६७ ची स्पर्धा फिल क्राफ्ट यांनी जिंकली. ते स्वतः रेडिओ-संच बनवणारे होते.

५/ गुणांची पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक कसरत दहा गुणांपासून सुरू होते आणि दोष दिसेल तसे गुण वजा होतात. रेषा किंवा कोन सुमारे १५ अंशांनी चुकला, तर एक गुण गेला. कसरत अवघड असेल तर तिचा गुणक मोठा. सोप्या कसरतीत ८ गुण आणि गुणक ३ असेल, तर २४ होतात. अवघड कसरतीत ६ गुण आणि गुणक ५ असेल, तर ३०. धाडसाला मोल आहे, पण ते नीटनेटकेपणातूनच वसूल होते.

६/ हे सारे कुठे करायचे, तेही ठरलेले आहे. वैमानिकापासून सुमारे १५० मीटर अंतरावर, डावी-उजवीकडे ६०-६० अंश आणि वर ६० अंश, अशी एक अदृश्य चौकट असते. तिची रुंदी सुमारे ५२० मीटर भरते. लोहगडवाडीतून गड चढलेल्यांना हा आकार चटकन कळेल : सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या विंचूकाट्याचा साधारण तिसरा हिस्सा.

७/ वाऱ्याचे काय? नियम सांगतो की पंचांनी विमानाचे तोंड कुठे आहे ते पाहू नये, विमानाने आखलेली वाट पाहावी. मावळातल्या डोंगरधारेवर घार वाऱ्याकडे तिरकी होऊनही सरळ पुढे जाते, तसेच हे. आडव्या वाऱ्यात विमानाचे नाक वळलेले असले तरी चालते. रेघ मात्र सरळ हवी.

८/ पंचही माणसेच. म्हणून पुरेसे पंच असतील तेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाद होतात. सकाळी वारा शांत आणि दुपारी बेफाम, हा अन्याय कमी करण्यासाठी प्रत्येक फेरीतील सर्वोत्तम उड्डाणाला १००० गुण देऊन बाकीचे त्या प्रमाणात मोजतात. सर्वोत्तम बेरीज ४८० असेल, तर ४३२ मिळवणाऱ्याचे ९०० होतात.

९/ पात्रता टप्प्याटप्प्याने ठरते : प्राथमिक फेऱ्या, मग उपांत्य, मग अंतिम. प्राथमिक फेरीचा कसरतक्रम आधीच जाहीर असतो, त्यामुळे तो वर्षभर घोटता येतो. अंतिम टप्प्यात मात्र ‘अज्ञात’ क्रमही येतो. तो आयत्या वेळी हाती पडतो आणि विमानाने सराव करण्याची मुभा नसते. पाठांतर आणि प्रभुत्व यांतला फरक तिथे उघडा पडतो.

१०/ नियमांनी विमानही घडवले. लांबी व रुंदी प्रत्येकी २ मीटर आणि वजन ५ किलो, ही मर्यादा ठरली. आवाजावर बंधन आले आणि चौकटीच्या टोकाला वळतानाही कसरत करण्याची पद्धत रुळली. वेगाने सुसाट जाणारी, कर्कश विमाने मागे पडली. संथ, एकसारख्या गतीची, शांत विमाने पुढे आली. ज्याला गुण मिळतात, तेच टिकते.

११/ महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. आखाड्यातल्या मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैनला आणि पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली. आखाड्यात वस्तादाची दाद पुरेशी असे. स्पर्धेत काठिण्य आणि सफाई यांना आकडे द्यावे लागले.

१२/ आज राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायू शाखेतले छात्र मॉडेल विमाने बांधतात आणि उडवतात. त्यांच्यासाठी या इतिहासाचे सार एवढेच : नियमांनी पंचांचा डोळा बदलला नाही, त्या डोळ्याला हिशेब द्यायला लावले. हरलेल्याला आपण कुठे हरलो हे कळू लागले. खेळातला न्याय तिथूनच सुरू होतो.