साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

मुंबईत इमारतीचा नकाशा मंजूर झाला की हातात पडतो तो आयओडी, म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. त्या कागदावर महापालिका चक्क नापसंती कळवते. आम्हा ड्राफ्ट्समन लोकांना याचं काही वाटत नसे. बिल्डर पेढे वाटायचा, आम्ही खायचो.

याचं मूळ १८८८च्या पालिका कायद्यात आहे. मालकाने कलम ३३७ खाली नोटीस द्यायची. आयुक्तांनी ३० दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर त्याने खुशाल बांधायला घ्यावं. हरकत घ्यायची तर कारण द्यायचं, आणि काय केलं म्हणजे काम मान्य धरू, तेही कलम ३४६ प्रमाणे लिहायचं. पुढे ही अटींची यादीच परवानगी होऊन बसली.

त्या अटींमागे मात्र माणसं मेलेली आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाटीच्या वस्तीत तो भराभर पसरला. एकाला एक खेटलेल्या चाळी, मधे हातभर गल्ली, आतल्या खोल्यांत दुपारीही दिवा. म्हणून शहर सुधारायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाचा हिशेब मांडला: साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. सोप्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या दुपटीहून इमारत उंच नको. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसेल. ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांतून आजही चालून बघा, तो काळजीचा हात जाणवतो. ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला.

मी ड्रॉइंग बोर्डावर बसलो तेव्हा सगळी चर्चा चटई क्षेत्राची होती. १९६७च्या नियमावलीपासून एफएसआयचं, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या आकड्याचं राज्य. १९९१ मध्ये बेटाच्या शहरात १.३३, उपनगरात १. अमोनिया प्रिंटवर नवं काम लाल रंगवायचं, पाडायचं ते पिवळं. साहेबांचा पहिला प्रश्न असायचा, ‘एरिया किती बसतोय?’ खिडकीतून काय दिसेल, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. पुढे तर मोकळी जागा कमी पडली की प्रीमियम भरून सूट मिळू लागली. उजेड विकायला काढला, असंच मी म्हणेन. जागा महाग आहे हे मान्य. पण ऑरच्या काळातही मुंबई काही स्वस्त नव्हती.

आयओडीनंतर सीसी, म्हणजे १९६६च्या नगररचना कायद्याखालचा काम सुरू करण्याचा दाखला. तोही बहुधा आधी प्लिंथपर्यंतच, म्हणजे जोत्यापर्यंत. प्लिंथ तपासली की वरचा. शेवटी ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, आणि तिथेच मुंबईतल्या कित्येक इमारती वर्षानुवर्षं अडकून आहेत. तेव्हा फ्लॅट घेताना गुळगुळीत ब्रोशर बाजूला ठेवा. ओसी मागा, मंजूर नकाशा मागा, आणि शेजारच्या इमारतीपर्यंतचं अंतर स्वतः टेप लावून मोजा.